ऑइल कुणाच्या हाती? डिलिव्हरीच्या गाड्यांच्या प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२५, सोमवार, फोंडा (गोवा)

मार्चअखेरची धावपळ संपली, आता गाड्यांच्या फाइलला हात घालायला हरकत नाही. धंद्यावर चालणाऱ्या गाड्या अशा: मारुती सुझुकीच्या दोन ईको व्हॅन, जुनी २०१९ ची, नवी २०२४ ची, डिलिव्हरीच्या पोरांकडे एक स्प्लेंडर आणि एक ॲक्टिव्हा. भावोजींची डिझेल एसयूव्ही घरची, पण तिचंही बिल शेवटी माझ्याच टेबलावर येतं.

चारचाकी सगळ्या कंपनीच्या ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरला जातात. कामाबद्दल फारशी तक्रार नाही, तक्रार वेळेची आहे. गाडी सकाळी सोडायची, संध्याकाळी उचलायची आणि त्या दिवशी म्हार्दोळ-मंगेशीची लाइन बोंबलली म्हणून समजायचं. गुरुवार असेल तर बोलायलाच नको, बाणस्तारीचा बाजार त्याच दिवशी.

भावोजींचं म्हणणं, हायवेला झटपट ऑइल बदलून देणारी दुकानं झालीत, अर्ध्या तासात गाडी हातात, आपण तिथे का जात नाही? ह्यांचं म्हणणं, "अर्ध्या तासात इंजिनाची वाट लावून देतात." दोघांपैकी एकानेही अशा दुकानात पाऊल टाकलेलं नाही. वाद मिटेना, तेव्हा भावोजी म्हणाले, "वहिनी, तुम्हीच बघून सांगा." ह्यांनी लगेच मान डोलावली. काम माझ्या गळ्यात.

निर्णय चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी हवा. यंदा चवथ २७ ऑगस्टला आहे. माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान, नारळ, मसाले यांची गर्दी सुरू झाली की गाडी एक दिवसही उभी ठेवता येत नाही.

९ एप्रिल

दुकानांत जाण्याआधी गाड्यांसोबत आलेली मॅन्युअलं काढून वाचली. जुन्या ईकोचं तर प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलं नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, ते विकायच्या वेळी लागतं म्हणून जपून ठेवलंय."

कामापुरतं निघालं ते असं. ऑइलच्या डब्यावर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० असे आकडे म्हणजे ऑइल थंडीत किती सहज वाहतं आणि तापल्यावर किती दाट राहतं याचं माप. एपीआय एसएन, एपीआय एसपी ही अक्षरं म्हणजे एपीआय या अमेरिकन संस्थेने ठरवलेली दर्जाची पायरी. पेट्रोल इंजिनांसाठी एसएन २०१० मधली, एसपी २०२० मधली. नवी पायरी जुन्या गाडीला चालते, जुनी पायरी नव्या गाडीला चालेलच असं नाही. दुकानदार बहुतेक वेळा पहिलीच गोष्ट बोलतो, "फाइव्ह थर्टी टाकतो." दुसरी आपण विचारायची.

आणखी एक कामाची गोष्ट म्हणजे खडतर वापराचं पान. साध्या वापराला दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, जे आधी होईल ते. पण छोट्या छोट्या फेऱ्या, सतत बंद-चालू, धुळीचे रस्ते, इंजिन चालू ठेवून उभं राहणं असेल तर मुदत कमी. आमची डिलिव्हरी म्हणजे हेच वर्णन. वरच्या बाजारात दहा दुकानं करायची तर दहा वेळा इंजिन बंद, दहा वेळा चालू, मध्ये कुणी ट्रक आडवा लावून गेला तर ते वेगळंच. म्हणून दोन्ही ईकोंना साडेसात हजार धरते. आकडा माझा, कंपनीचा नाही.

१६ एप्रिल

गाडी न नेता दोन दुकानं बघून आले. नावं लिहीत नाही, पहिलं आणि दुसरं एवढं पुरे.

पहिल्यात कोपऱ्यात दोनशे लिटरचं बॅरल, त्याला पंप. ऑइल कुठलं विचारलं तर बॅरलवरच्या कंपनीचं नाव सांगितलं. बॅरल रिकामं झाल्यावर पुन्हा त्याच कंपनीच्या ऑइलने भरलं जातं हे कशावरून, यावर हसू मिळालं. बॅरल असणं हा काही गुन्हा नव्हे, मोठ्या सर्व्हिस सेंटरांतही बॅरलमधूनच ऑइल येतं. फरक एवढाच की तिथे कंपनीचा पुरवठा आणि बिलावर पार्ट नंबर असतो. इथे फक्त हसू.

दुसऱ्यात सीलबंद डबे, आणि भिंतीवर गाडीच्या मॉडेलप्रमाणे ऑइलचा तक्ता. रिकाम्या डब्यांचा ढीग बाहेर होता. एकेका डब्याला बुडाशी भोक पाडलेलं. का विचारलं तर मालक म्हणाला, "भंगारवाल्याकडून अखंड डबा गेला तर उद्या तोच डबा भरून बाजारात येतो." हे उत्तर मला आवडलं. बनावट ऑइलचा धंदा रिकाम्या डब्यांवरच चालतो.

दोघांनाही विचारलं, काढलेलं जुनं ऑइल कुठे जातं? पहिला म्हणाला, बांधकामवाले नेतात, सेंटरिंगच्या फळ्यांना लावायला. हे उघड उघड सगळीकडे चालतं, पण वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडतं आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून तर ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करण्याची जबाबदारी आली आहे. दुसऱ्याने गोळा करायला येणाऱ्या गाडीची पावती काढून दाखवली. गाडीच्या तब्येतीशी याचा थेट संबंध नाही, मान्य. पण कचऱ्याची पावती जपून ठेवणारा माणूस बाकीच्या गोष्टीही जपत असेल असा माझा अंदाज. खरा की खोटा ते पुढे कळेल.

२८ एप्रिल

जुनी ईको दुसऱ्या दुकानात नेली. वॉरंटी कधीच संपलेली, म्हणून प्रयोगाला हीच.

मी खड्ड्याच्या कडेला उभी राहिले. मालकाने आधी खुर्ची दिली, मग "आत एसी आहे" सांगितलं. मी म्हटलं, इथेच बरी आहे. पुढे त्याने काही अडवलं नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की वरचं काम होतं, खालचं खड्ड्यातून. कामाला पोरगा होता, विशीचा असेल. तो पाना घेऊन खाली उतरला आणि त्याने जो नट पकडला तो इंजिनाचा नव्हताच, मागे गिअरबॉक्सचा होता. मी तोंड उघडायच्या आत वरून मालक ओरडला, "फुडलो रे, फुडलो!" म्हणजे पुढचा. पोराने पाना काढला. तो नट सुटला असता तर गिअरबॉक्स रिकामा, इंजिनात जुनं ऑइल तसंच आणि त्यावर तीन लिटर नवं. अमेरिकेत अशा दुकानांबद्दलच्या तक्रारींत हा प्रकार नेहमीचा आहे. तिथे इंजिनाऐवजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल काढल्याने गाड्या बसल्या आहेत. पोरगा वाईट नव्हता, नवा होता. ह्यांच्या शंकेत तथ्य आहे ते इथे: घाई वेळेची असते, आणि खड्ड्यात सर्वांत कमी पगाराचा माणूस असतो.

बरोबर नट सुटल्यावर काळी धार आली. गाडी चालवतच आणली होती, ऑइल गरम होतं, ते बरं, गाळ त्याबरोबर निघतो. धार बारीक होऊन तुटक झाली, मग थेंब. तेवढ्यात पोरगा नट लावायला लागला. मी थांबवलं. थेंबाथेंबाने अजून बरंच आलं. अर्ध्या तासाच्या जाहिरातीत पाच मिनिटं निथळायला द्यायची सोय नसते, ती गिऱ्हाइकाने मागून घ्यायची.

नटाखालचा वॉशर. हा मऊ धातूचा असतो, आवळताना चेपतो आणि म्हणूनच गळती थांबते. एकदा चेपलेला पुन्हा नीट चेपत नाही. नवा मागितला तर मालकाने गल्ल्यातल्या डबीतून काढून दिला, दहा-वीस रुपयांची गोष्ट. न मागता मात्र जुनाच लागत होता. पोराने आवळायला हवेची गन उचलली, तीही मी खाली ठेवायला लावली. सुझुकीच्या छोट्या पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलात या नटाला साधारण ३५ न्यूटन-मीटर दिलेले असतात, म्हणजे हाताच्या पान्याने एक चांगला दाब. गनने आटे जातात, आणि ते गेल्याचं कळतं पुढच्या ऑइलला, जेव्हा बोट दाखवायला समोर कुणी नसतं.

फिल्टर काढल्यावर त्याची जुनी रबरी रिंग फिल्टरबरोबर आली का, की इंजिनालाच चिकटून राहिली, ते बघितलं. आली होती. राहिली असती आणि तिच्यावर नवी चढली असती तर दोन रिंगांमधून ऑइल असं फवारलं असतं की घरी पोचेपर्यंत इंजिन कोरडं. नव्या रिंगेला पोराने बोटाने ऑइल लावलं आणि फिल्टर हातानेच बसवला. इथे मात्र तो पक्का होता.

मग भरणं. डिपस्टिक पुसून, बुडवून, काढून: वरच्या खुणेच्या चांगलं बोटभर वर. इंजिन चालू करून बंद केलं, फिल्टर भरू दिला, थोडं थांबलो, पुन्हा बघितलं. तरी वरच. "जास्त असलं तर चांगलंच की," पोरगा म्हणाला. चांगलं नाही. जास्त ऑइलात क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळ ऑइल बेअरिंगपर्यंत दाबाने पोचत नाही. थोडं काढून खुणेवर आणायला लावलं.

आणि शेवटी मालकाची यादी. इंजिन फ्लश (आतून रसायनाने धुणं), इंजेक्टर क्लीनिंग, एअर फिल्टर, एसीमध्ये फवारा. एअर फिल्टर काढून दाखवला, खरंच लाल मातीने माखलेला होता, तो बदलला. उसगाव-धारबांदोड्याच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीला तो बदलावा लागतोच, मॅन्युअलातली मुदत तिथे उपयोगाची नाही. बाकीच्यांना नाही म्हटलं. "वयनी, ऑयल कितलें काळें जालां पळय, फ्लश जायच." म्हणजे ऑइल किती काळं झालंय बघा, फ्लश हवाच. काळं होणारच. ऑइलमधली रसायनं काजळी धरून ठेवतात, म्हणूनच रंग जातो. डिझेल गाडीत तर नवं ऑइल काही दिवसांतच कोळशासारखं होतं. रंग बघून फ्लश विकणं ही या धंद्यातली सर्वांत जुनी युक्ती असावी.

अर्ध्या तासाच्या जागी साधारण तासभर गेला. सर्व्हिस सेंटरच्या दिवसभरापुढे तरीही फायदाच. दुपारची मंगेशी लाइन झाली.

३ मे

रोज रात्री ईकोखाली पुठ्ठा घालून ठेवत होतो. कोरडा. डिपस्टिक जागेवर.

काचेच्या कोपऱ्यात दुकानाचं स्टिकर: पुढचं ऑइल पाच हजार किलोमीटरनंतर. आमच्या वापराला साडेसात हजार मी आधीच कमी करून धरले आहेत, त्याहूनही कमी करण्याचं कारण दुकानाच्या गल्ल्यात आहे. ही पद्धतही तिकडूनच आलेली. अमेरिकेत दर तीन हजार मैलांना, म्हणजे साधारण ४,८०० किलोमीटरला, ऑइल बदलायचं असं पिढ्यानपिढ्या लोकांच्या डोक्यात बसवलं गेलं. ऑइल सुधारलं, इंजिनं सुधारली, आकडा तसाच राहिला. शेवटी कॅलिफोर्नियाच्या कचरा व्यवस्थापन खात्याला लोकांना सांगावं लागलं की आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल वाचा, उगाच ऑइल फेकू नका. स्टिकर काढून टाकलं, स्वतःच्या अक्षरात नवं लावलं.

१४ मे

स्प्लेंडर. पोरगा कामावरून परस्परच कुठल्याशा झटपट दुकानात घेऊन गेला होता, तिथून फोन केला, पैसे पाठवा म्हणून. म्हटलं, आधी डब्याचा मागचा भाग फोटो काढून पाठव.

फोटोत जासो एमबी, दुचाकीच्या ऑइलच्या जपानी मानकातली एक श्रेणी. म्हणजे स्कूटरचं ऑइल. ॲक्टिव्हाला उत्तम, तिचा क्लच कोरडा आणि इंजिनच्या ऑइलपासून वेगळा. स्प्लेंडरसारख्या बाइकचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. एमबी ऑइलात घसरण वाढवणारी द्रव्यं असतात, त्यामुळे क्लच निसटायला लागतो: रेस वाढते, गाडी जागेवर. बाइकला एमए किंवा एमए२ पाहिजे. डब्याच्या मागे छोट्या चौकटीत हे लिहिलेलं असतं, दुकानदारांना बहुधा दिसत नाही. दोन्ही डब्यांवर १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असू शकतं, म्हणून गल्लत होते. डबा उघडला नव्हता. बदलून घेतला.

या दुकानाला यादीतून वगळलं. दुचाक्यांची माहिती नसेल तर दुचाक्यांची पाटी लावू नये.

२६ मे

पाऊस मे संपायच्या आतच दाखल. गोदामात ताडपत्र्या, गाड्यांना वायपर. प्रकल्प बाजूला.

१२ जून

नव्या ईकोचं काय करायचं? वॉरंटी चालू आहे. ह्यांचं ठाम म्हणणं, बाहेर ऑइल बदललं की वॉरंटी गेली. भावोजी म्हणतात, ही कंपनीवाल्यांनी उठवलेली भुमका.

कागद शोधले. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींवर दंड ठोठावला होता. मुद्दा असा की या कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या मेकॅनिकांना मिळू देत नव्हत्या. त्याच आदेशात असंही होतं की गिऱ्हाइकाने स्वतंत्र मेकॅनिककडे काम करून घेतलं एवढ्याच कारणावर सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. पुढे अपिलं झाली, दंडाचे आकडे बदलले, तो भाग वेगळा.

तेव्हा तत्त्वाने भावोजी बरोबर. व्यवहारात ह्यांचं ऐकणार. उद्या इंजिनात काही झालं तर कंपनी पहिला प्रश्न विचारणार, कुठलं ऑइल, कुठला फिल्टर, बिल दाखवा. बिलावर "ऑइल चेंज" एवढंच खरडलेलं असेल तर आपण वाद घालणार कशाच्या जोरावर? एका ऑइलसाठी मडगाव-पणजीच्या ग्राहक आयोगात हेलपाटे घालायला माझ्याकडे वेळ नाही. नवी ईको वॉरंटी संपेपर्यंत ऑथोराइज्डलाच.

दुसऱ्या दुकानाला मात्र सांगून ठेवलं: यापुढे बिलावर कंपनी, ग्रेड, एपीआय, लिटर, फिल्टरचा पार्ट नंबर आणि मीटरचं वाचन लिहायचं, नाहीतर पैसे नाहीत. कुरकुरला, पण लिहितो.

२ जुलै

भावोजींची डिझेल. त्यांना तीही झटपटला न्यायची होती, "तुमच्या दुकानात" म्हणून. आता ते माझं दुकान झालं!

बीएस६ प्रदूषण नियमांतली डिझेल, एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ. काजळी साचली की गाडी ती जाळून टाकते. पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही, ती जाळीत अडकून राहते आणि हळूहळू फिल्टर बुजतो. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर एसीईए सी अशी युरोपियन मानकाची श्रेणी असते. डीपीएफ बदलायचा तर खर्च ऐकून माणूस खाली बसतो. दुकानाच्या भिंतीवरच्या तक्त्यात या गाडीसमोर फक्त "५डब्ल्यू-३०" लिहिलं होतं. श्रेणी नाही. मालकाला विचारलं तर म्हणाला, "सगळे हेच टाकतात."

ह्याच वाक्यावर डिझेलचा विषय बंद केला. भावोजी दोन दिवस गप्प होते.

६ ऑगस्ट

नवी ईको सर्व्हिस सेंटरला. या वेळी मुद्दाम स्वतः गेले, कारण फक्त झटपटवाल्यांचीच परीक्षा घेणं बरोबर नव्हे.

लाउंज छान. चहा मिळाला. काचेपलीकडे गाड्यांच्या ओळी, आपली कुठली ते कळत नाही. खाली जाऊ का विचारलं तर "सुरक्षेच्या कारणास्तव" नाही. म्हणजे तिथेही खड्ड्यात, माफ करा, लिफ्टखाली, विशीचा पोरगाच असणार आणि त्याच्या हातात गन आहे की पाना हे मला कधीच दिसणार नाही. फरक असा की वॉशर बिलावर छापून आला, न मागता. ऑइल खुणेवर बरोबर. पार्ट नंबर सगळे. आणि थ्रॉटल बॉडी क्लीनिंग नावाची ओळही आली, जी मी सांगितली नव्हती. ॲडव्हायजरला विचारलं, तर "पॅकेजमध्ये असतं मॅडम." जॉबकार्डवर नाही हे दाखवल्यावर काढली. म्हणजे फ्लश इथेही विकतात, फक्त टाय बांधून.

गाडी सकाळी नऊची, संध्याकाळी सहाला मिळाली. चवथीला तीन आठवडे राहिले होते म्हणून परवडलं.

१९ ऑगस्ट

चवथीच्या गर्दीआधी तात्पुरता निर्णय घरात सांगितला: जुनी ईको आणि दोन्ही दुचाक्या दुसऱ्या दुकानात, नवी ईको आणि डिझेल ऑथोराइज्डला. ह्यांनी "बघू" म्हटलं. म्हणजे होय.

११ सप्टेंबर

जुनी ईको मागच्या बाजूने हूंऽऽ असा आवाज करायला लागली, चाळीसच्या पुढे गेल्यावर. ढवळीला आमचे जुने मेकॅनिककाका आहेत, गुडघ्यांमुळे आता मोजकंच काम करतात, त्यांच्याकडे नेली.

त्यांनी मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरांच्या डब्याचा, नट सैल केला. बाहेर आलं ते ऑइल नव्हतंच, दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी. पाणी शिरलेलं. जुलैत पणजीला 'अठरा जून' नावाच्या रस्त्यावर पाणी तुंबलं होतं, गाडी त्यातून काढली होती. चालून तापलेला ॲक्सल पाण्यात एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि ॲक्सलच्या श्वासनळीतून (हवा ये-जा करायच्या नळीतून) पाणी ओढून घेते. गिअर ऑइल काढलं, धुतलं, नवं घातलं. आवाज बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. बेअरिंगवर लक्ष ठेवायचं.

काका हात पुसत म्हणाले, "वहिनी, हे ऑइल कुणी बघितलं होतं का मागच्या वर्षभरात?"

कुणीच नाही. दुकानाची चूकही म्हणता येत नाही. त्यांच्याकडे इंजिन ऑइल मागितलं, त्यांनी इंजिन ऑइल दिलं. पण पूर्वी सर्व्हिस सेंटरला गाडी दिवसभर पडायची तेव्हा ती लिफ्टवर चढायची, कुणीतरी खालून फिरायचं, टाय रॉड हलवून बघायचं, ब्रेक पॅड किती उरलेत ते लिहायचं, हे बूट फाटलंय, ते सील गळतंय म्हणायचं. त्यातलं निम्मं बिल वाढवायला असेल, पण निम्मं खरं असायचं. झटपट दुकानात गेलो की हे बघणं आपोआप बंद होतं, आणि बंद झालंय हे कुणालाच कळत नाही, कारण ऑइल वेळेवर बदललेलं असतं, फाइलमध्ये बिल असतं आणि सगळं व्यवस्थित चाललंय असं वाटतं. एप्रिलपासून मी ऑइलच्या मागे होते, वॉशर, ग्रेड, डिपस्टिक. ते सगळं उभं राहून तपासता येतं, त्यावर विश्वासाचा प्रश्नच येत नाही. प्रश्न आहे तो जे कुणी बघायला सांगितलेलंच नाही त्याचा.

काकांना विचारलं, वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि चवथीनंतर, दोन्ही ईको तुमच्याकडे नुसत्या बघायला आणल्या तर? काही बदलायचं नाही, फक्त खालून फिरायचं आणि सांगायचं. त्यांनी विचार केला. "नुसतं बघायचे पैसे आजवर कुणी दिले नाहीत मला." म्हटलं, आम्ही देऊ. बिलावर काय लिहायचं ते ठरवावं लागलं. "तपासणी" लिहिलं.

२३ सप्टेंबर

कालपासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के. ज्या भागांवर २८ होता ते स्वस्त व्हायला हवेत. दोन्हीकडून नवे दर मागवले. दुकानाने जुन्याच दरपत्रकावर तारीख बदलून पाठवलं, परत पाठवलं.

काकांचा नव्या ईकोचा पहिला कागद आला. वहीचं पान, निळ्या पेनाने: पुढचा डावा ब्रेक होज घासतोय, क्लिप सुटलेली, मागचं डिफरन्शियल ऑइल स्वच्छ, स्टिअरिंगचं रबर बूट ठीक, सायलेन्सरच्या क्लॅम्पला गंज. ब्रेक होजची क्लिप त्यांनीच बसवली, तिचे पैसे घेतले नाहीत. ऑगस्टमधल्या सर्व्हिस सेंटरच्या छापील तपासणीपत्रकात ब्रेक होजसमोर बरोबरची खूण आहे. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये लावले. ॲडव्हायजरला फोटो पाठवला आहे, "चेक करून कळवतो" असं उत्तर आलं.

६ ऑक्टोबर

दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली. पोरांनी स्प्लेंडरचा हार हँडलला असा गुंडाळला की क्लचची तार दबत होती, तो सोडवला.

ड्रायव्हरांसाठी डॅशबोर्डवर चिकटवायचा कागद छापला: ऑइल बदलताना तिथेच उभं राहायचं, डबा समोर उघडून घ्यायचा, नवा वॉशर मागायचा, गन वापरू द्यायची नाही, रिकामा डबा भोक पाडून घ्यायचा, ऑइलव्यतिरिक्त काहीही सुचवलं तर मला फोन. पाण्यातून गाडी काढली असेल तर तारीख आणि जागा मागे लिहायची.

जुन्या ईकोचं पुढचं ऑइल साधारण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसेल, जत्रांच्या आधी. दुसऱ्या दुकानातला तो पोरगा अजून आहे का ते विचारलं. आहे, आणि आता खड्ड्यात तो नव्या पोराला शिकवतो म्हणे. गिअरबॉक्सचा नट कुठला ते आधी दाखव म्हणून निरोप दिला आहे. डिफरन्शियलच्या बेअरिंगचा दर काकांकडून यायचा आहे, सर्व्हिस सेंटरच्या ॲडव्हायजरचं उत्तर यायचं आहे, आणि ॲक्टिव्हाच्या ऑइलचं बिल पोराने अजून दिलेलं नाही.